मासावाली सिस्टर

त्या रविवारी आईला सुट्टी होती. सकाळी उठून तिने चहा घेतला आणि पुन्हा झोपली. पप्पा थोड्या थोड्या वेळाने दारातून डोकावत होते आणि मला खुणेने विचारत होते, बरी आहे ना? दोन हजार एकवीसचा एप्रिल चालू होता. त्या महिन्यात कोणी दिवसा झोपलं की घरातल्या माणसांना धडकी भरायची.

दुपारी ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "सुकट आहे का गं घरात?"

"आई, आधी अंघोळ तरी कर."

"अंघोळीचं मला सांगू नकोस. ड्युटीवर जाताना अंघोळ, गाऊन काढला की अंघोळ, घरात शिरताना अंघोळ. कातडी निघाली माझी. आज मी पारोशीच सुकट खाणार."

तिने तव्यावर कांदा टाकला, त्यावर सुकट. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वास लपत नाही. पप्पा म्हणाले, "अगं, खिडकी लाव. शेजारचे नावं ठेवतील."

"ठेवू देत. वास येतोय म्हणजे निगेटिव्ह आहेत, आनंद माना म्हणावं."

पप्पा हसले. मीही हसले. जेवताना तिने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. तिच्या वॉर्डातल्या नर्सेस रांगेत पाठमोऱ्या उभ्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत तोच पांढरा गाऊन, त्यामुळे कोण जाड आणि कोण बारीक एवढंच कळत होतं. एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्या पाठीवर मार्करने नावं लिहीत. पण पेशंटांत म्हातारी माणसं पुष्कळ. कोणाला वाचता येत नसे, कोणाचा चष्मा घरी राहिलेला असे. म्हणून आईने नावांच्या जागी चित्रं काढायला सुरुवात केली होती. प्रत्येकीचं एक चित्र, रोज नव्या गाऊनवर तेच.

"ओळख, मी कोणती."

"मासा. दुसरं काय असणार?"

"हुशार आहेस. ही छत्री म्हणजे स्वप्ना, नवीन पोरगी आहे. ही कपबशी. हिला मी ढोबळी मिरची काढली तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

तेवढ्यात त्याच मोबाइलवर फोन आला. आईने नाव पाहिलं, ताट तसंच ठेवलं आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. ती असं कधी करत नसे. हॉस्पिटलचे सगळे फोन ती जेवता जेवता, मोठ्याने, आम्हाला ऐकू येतील असेच घ्यायची. मी पाणी आणायच्या निमित्ताने दाराजवळ गेले. "तू येऊ नकोस," आई म्हणत होती. "मी बघते. आणि कुणाला काही सांगू नकोस."

ती परत आल्यावर मी विचारलं, "कोण होतं?"

"छत्री."

"काय म्हणते?"

"काही नाही. तांदूळ निवडायला घे, किडे झालेत."

आमच्या घरातला शेवटचा नेहमीसारखा दिवस तो एवढाच.

आई सोमवारी ड्युटीवर गेली आणि त्या आठवड्यात घरी आली नाही. डबल ड्युटी आहे, इथेच एका लॉजवर राहते, असं फोनवर म्हणाली. आवाज थकलेला होता. पुढच्या आठवड्यात तिला ताप आला आणि ती ज्या हॉस्पिटलात काम करत होती तिथेच तिला दाखल केलं. तोवर पप्पा आणि मीही पॉझिटिव्ह होऊन घरात अडकलो होतो. मे महिन्यात एका सकाळी हॉस्पिटलातून फोन आला. अंत्यसंस्कार दुसऱ्यांनीच केले. आम्हाला व्हिडिओ मिळाला. पांढरी बंद पिशवी, ती उचलणारी तीन माणसं आणि तिघांच्याही अंगावर तोच गाऊन. पिशवीवर काहीतरी लिहिलं होतं. मी तो व्हिडिओ मोठा करून पाहिला, थांबवून थांबवून पाहिला, पण अक्षरं लागत नव्हती.

नंतर भेटणारे लोक म्हणायचे, "आईचं कळलं." मी मान हलवायची. ठाण्याच्या ज्या कॉलेजच्या लायब्ररीत मी काम करते तिथे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे मला काही सांगावं लागलं नाही. पप्पांनी फोटो फ्रेम करायचा विषय काढला तेव्हा मी म्हणाले, चांगला फोटो शोधते. आई गेली, हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने एकदाही उच्चारलं नव्हतं. मी खूप वाचते. समुद्रावर गेलेल्या किंवा लढाईत हरवलेल्या माणसाची वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या बायका मला पुस्तकांत भेटलेल्या होत्या आणि मला त्यांची कीव यायची. प्रेत पाहिलं नाही म्हणजे मरण झालं नाही असं शहाण्या माणसाने मानू नये, हे मला कळत होतं.

त्याऐवजी मी स्वप्नाचा विचार करत असे. ती भेटायला आली नाही. तिने फोन केला नाही. हॉस्पिटलातल्या बाकी सगळ्या जणी एकदा तरी बोलल्या, ही नाही. मी तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता, फक्त फोटोतली पाठ पाहिली होती. पण गॅलरीच्या दारातून जे ऐकलं होतं ते मला पुरेसं होतं. ती घाबरून घरी बसली, आईने तिच्या ड्युट्या केल्या आणि आईला त्या भोवल्या. मला दोष द्यायला एक माणूस मिळालं होतं आणि मी ते जपून ठेवलं होतं.

एक वर्ष असं गेलं. आईचा मोबाइल मी चालू ठेवला होता. पुढच्या जूनमध्ये एका दुपारी तो वाजला.

"सिस्टर हाय का?" एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"कोण बोलतंय?"

"रंगूबाय. आंबिवलीची. हॉलमधली, स्टेजच्या बाजूची खाट. ह्यो नंबर सिस्टरनीच दिलता. तू कोन?"

हॉस्पिटलने त्या वर्षी कल्याणात लग्नाचा एक हॉल घेऊन तिथे जादा खाटा टाकल्या होत्या. आईची ड्युटी तिथेच होती. नवरा-नवरीच्या स्टेजवर सिलिंडर ठेवलेत, असं ती सांगायची.

"मी तिची मुलगी."

"सिस्टर कामाव गेली आसंल. बरा. तिला सांग, रंगूबायनी फोन केलता. आज सगल्या बाया वराला गेल्यान. मना घरी सोरली तवा पन वटपुनवच व्हती, आज वरीस झाला. सिस्टरनी माजी वेनी घातली, दारापातूर सोराया आली. मी बोल्ली, सिस्टर, आता मी रांड बाई, मना काय वराचा काम? तर लय हासली."

"कोणती सिस्टर?"

"आगो, मासावाली! पाठीव मासा व्हता ती. तुजी आय."

हॉस्पिटलातून तो फोन आला होता तो मे महिन्यात, बाजारात अजून हापूस होता. वटपौर्णिमेला हापूस संपून जांभळं आलेली असतात. म्हातारीला सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "सांगते तिला."

फोन ठेवल्यावर मी शहाण्या माणसासारखा विचार करायला घेतला. रंगूबाईंचा गोंधळ झाला असेल, आजारात दिवस-वार कळत नाहीत. पण वटपौर्णिमा चुकण्यासारखी नव्हती. मग हॉस्पिटलने काही लपवलं असेल. माणसं कमी होती आणि मेलेल्या नर्सला कामावर दाखवत राहिले असतील. याचा मला रागही आला आणि राग आल्याचं बरंही वाटलं. तिसरी एक शक्यता होती. तिच्याकडे मी बघतच नव्हते, पण ती खोलीत माझ्याबरोबर बसलेली होती.

येणाऱ्या रविवारी मी आंबिवलीला गेले. स्टेशनपासून बरंच आत, जुन्या गावठाणात रंगूबाईंचं घर आहे. दोन बाजूंनी टॉवर उठलेत, मध्ये यांची कौलं. त्यांनी मला कोरा चहा दिला आणि माझ्या हनुवटीला हात लावून बघितलं.

"आयसारकीच दिसतंस का?"

"तुम्ही तिचा चेहरा पाहिलाय?"

"कुटं? काच नि फडका. डोलंसुदा धड दिसत नव्हतं. मी आपली मासा वलकायची."

"मे महिन्यात ती आजारी होती ना?" मी जपून विचारलं.

"मासावाली? नाय गो. थोरं दिस आली नाय, मी जेवनच टाकलेला. मंग आली. मरली ती छत्रीवाली."

मी कप खाली ठेवला. "छत्रीवाली?"

"व्हय. लय रराची पोर ती. ररू नको बोल्ली तरी काचेच्या आत पानी. त्या दिशी सगल्याच सिस्टरी ररत व्हत्या. मी मासावालीला विचारला, काय झाला? ती बोल्ली, छत्री मरली, रंगूबाय."

"तिनेच सांगितलं? मासावालीने?"

"तिनीच. माज्या खाटंव बसून."

"आवाज कसा होता तिचा?"

"त्या फडक्यातून सगल्यांचा आवाज येकच. हंड्यात तोंड घालून बोलल्यासारका."

निघताना त्यांनी विचारलं, "सिस्टरला कवा आनतंस?" मी म्हणाले, "बघते."

परत येताना मी आंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर कितीतरी वेळ बसून राहिले. तिसरी शक्यता आता सरळ समोर उभी होती. पिशवीतली बाई आम्ही पाहिली नव्हती. सगळ्यांच्या अंगावर तेच गाऊन, आणि त्या धावपळीत कोणाच्या नावाची चिठ्ठी कोणाला लागली असेल कोण जाणे. स्वप्ना मेली असेल आणि नाव आईचं लागलं असेल. मग आई वटपौर्णिमेपर्यंत हॉलमध्ये होती. मग ती घरी का आली नाही? याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. माणसं थकतात. थकलेली माणसं एखाद्या स्टेशनवर उतरतात आणि घरी परत जात नाहीत. "कुणाला काही सांगू नकोस," असं ती म्हणालीच होती. माझ्या वाचनाने इथे माझं नुकसान केलं. कथांमधून अशी माणसं सापडतात आणि ती कशी सापडतात हेही मला ठाऊक होतं.

पप्पांना मी काही बोलले नाही. पण दुसऱ्या रविवारी मी चपला घालत होते तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा कुठे?"

"लायब्ररीचं काम आहे."

"रविवारी?" ते उठले आणि माझ्या हातात छत्री दिली. "मी काही विचारत नाही, समी. पण तू तो व्हिडिओ बघत बसतेस ते मला माहीत आहे. मी पण बघायचो. मी सोडलं."

मी कल्याणला हॉस्पिटलात गेले. इन्चार्ज सिस्टर आईच्या बरोबरीच्या, आमच्या घरी जेवून गेलेल्या. त्यांनी मला बसवलं, पप्पांची चौकशी केली. मी म्हणाले, "मला हॉलमधल्या ड्युट्यांचं विचारायचं होतं. मे आणि जूनमधल्या."

"कशाला गं आता?"

"माझ्या आईच्या नावाने कोण काम करत होतं?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि उठून ते लोटलं. "तुला कोणी काय सांगितलं?"

"स्वप्ना कुठे आहे?"

"तिने सोडलं."

"ती जिवंत आहे का?"

"हे काय विचारणं झालं, समीक्षा? घरी जा. झालं ते झालं. आम्ही कशा राहिलो त्या दिवसांत ते आमचं आम्हाला माहीत. उकरून तुलाही त्रास आणि आम्हालाही."

त्यांनी उत्तर दिलं नाही, हे मी पक्कं लक्षात ठेवलं. मी जिना उतरत होते तेव्हा वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मावशी मागून आल्या. त्यांनी पदर तोंडावर धरला होता, जणू अजूनही मास्क होता. "स्वप्ना ना? टिटवाळ्याला, स्टेशनसमोर, चष्म्याच्या दुकानात बसते. मी सांगितलं म्हणू नका हां."

टिटवाळ्याला उतरल्यावर मी दुकान लगेच ओळखलं, पण आत गेले नाही. समोरच्या फुलवाल्याकडे उभी राहून बघत राहिले. काउंटरमागे एक बाई होती. केस मानेवर बांधलेले, मान खाली. आईही काम करताना अशीच मान खाली घालायची. मी रस्ता ओलांडला आणि काउंटरसमोर उभी राहिले.

तिने वर पाहिलं. माझ्याच वयाची, सावळी, बारीक चेहऱ्याची मुलगी. आई नव्हती. अर्थातच नव्हती.

"नंबर काढायचाय की फ्रेम बघायचीय?"

"तू स्वप्ना?"

ती एक पाऊल मागे सरकली आणि तिची पाठ भिंतीला टेकली. "हॉस्पिटलने पाठवलं का? मी आयकार्ड, चावी, सगळं परत दिलंय."

"मी समीक्षा. रचना ओव्हाळची मुलगी."

तिच्या हातात फ्रेमचा ट्रे होता. तो तिने अगदी हळू खाली ठेवला. मग स्टूल ओढून माझ्यापुढे सरकवलं. "इथे बस. समोर बस. माझ्या मागच्या बाजूला नको कोणी."

मी बसले. एका वर्षात तिच्यासाठी जी वाक्यं रचून ठेवली होती त्यांतलं पहिलंच मी उच्चारलं. "त्या रविवारी तू फोन का केला होतास?"

"येणार नाही म्हणून सांगायला."

"का?"

"गाऊन चढवायला घेतला की हात थांबायचे. चेन वर जायचीच नाही. मी बाथरूममध्ये बसून राहायचे आणि बाहेरून कोणीतरी दार वाजवायचं, चल गं, सहा नंबरचं सॅच्युरेशन उतरतंय. झोप नव्हती. घरी सांगितलं तर म्हणाले, सगळ्याच करतायत, तू काय स्पेशल? ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तू येऊ नकोस, मी बघते. कुणाला सांगू नकोस, नाहीतर भित्री म्हणून शिक्का बसेल आणि पुढे कोणी कामावर ठेवणार नाही."

"म्हणजे तुझ्या ड्युट्या तिने केल्या."

"हो."

मला वाटलं होतं ती नाकारेल, सबबी सांगेल. ती फक्त हो म्हणाली. त्या होकाराचं काय करायचं ते मला कळेना.

"तू भेटायला का आली नाहीस?"

"काय म्हणून येऊ?"

एक गिऱ्हाईक आलं, चष्म्याची दांडी सैल झाली होती. तिने छोट्या पेचकसाने ती घट्ट केली. हात अगदी स्थिर होते. तो माणूस गेल्यावर मी म्हणाले, "मी रंगूबाईंना भेटून आले."

तिने डोळे मिटले. "जिवंत आहे म्हातारी?"

"आहे. ती म्हणते छत्री मेली. तिला मासावालीने सांगितलं म्हणते. आता मला सांग, मासावाली कोण?"

"मी."

"खोटं."

"ताईंना ताप आल्याचं कळलं तेव्हा मी परत कामावर गेले. कोणी काही बोललं नाही, माणसं हवीच होती. ताई आयसीयूत, मेन बिल्डिंगमध्ये. इकडे हॉलमधले सगळे विचारतायत, मासावाली कुठे? रंगूबाईंनी तर जेवण सोडलं. ती आली तरच खाईन म्हणाल्या. ताईंच्या हातची पेज लागायची त्यांना. मग ज्या सकाळी ते झालं... इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, पेशंटना कळू द्यायचं नाही, हातपाय गाळतील. पण आम्ही सगळ्या रडत होतो. कोणीतरी मेलंय हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी नवा गाऊन घेतला, मार्कर घेतला, टेबलावर पसरून त्यावर मासा काढला. ताईंसारखा जमला नाही, शेपटी वाकडी आली. घालून आत गेले. पेज भरवली. रंगूबाई म्हणाल्या, कोण मेलं? मी सांगितलं, छत्री."

बाहेर रिक्षावाले मंदिराच्या सीटा भरत ओरडत होते.

"तुला सांगू, मला बरं वाटलं," स्वप्ना म्हणाली. "छत्रीला झोप यायची नाही, छत्रीची चेन वर जायची नाही. ती मेली ते चांगलं झालं. मासा सगळं करायचा. सुई एका फटक्यात लावायचा. पेशंट गेला तर त्याच्या घरी फोन करायचा, आवाज न कापता. सगळ्यांना माहीत होतं, कोणीच थांबवलं नाही, कारण काम होत होतं. पण हॉल बंद झाला. सगळ्यांनी गाऊन सोडले, ओठांना लिपस्टिक लावून फोटो काढले. मी रोज सकाळी पाठीवर हात नेऊन बघायचे. मागून कोणी माझ्या नावाने हाक मारली की मी वळायचेच नाही. म्हणून सोडलं."

मला तिच्याबद्दल जे वाटायला हवं होतं ते तेव्हा वाटलं नाही. मी अजून आईच्याच मागावर होते. "हे सगळं तू रचून सांगत असशील," मी म्हणाले. "आम्ही तिला पाहिलेलंच नाही. बंद पिशवी पाठवली. सगळ्या एकसारख्या गाऊनमध्ये. कोणाचीही चूक होऊ शकते."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती काउंटरच्या पुढे झुकली, भिंत सोडून, आणि तिने पहिल्यांदा माझ्या नावाने हाक मारली.

"समीक्षा, ताईंच्या अंगावर गाऊन नव्हता. त्या पेशंट होत्या. तोंड उघडं होतं."

मी स्टूल पुढे ओढलं.

"मी आणि मावशींनी पुसलं त्यांना. केस विंचरले, पांढरे झाले होते मुळाशी, रंगवायला वेळ कुठे होता. पिशवीवर नाव मी लिहिलं. पूर्ण नाव लिहिलं. चित्र नाही काढलं."

इतकी साधी गोष्ट. आजारी माणसाच्या तोंडावर फडकं नसतं. एवढी पुस्तकं वाचलेल्या मला ती वर्षभरात सुचली नव्हती, कारण मी ती सुचू दिली नव्हती. स्वप्नाने मला पाणी दिलं. मी ते प्यायले. भिंतीवरच्या सगळ्या आरशांत आम्हीच दोघी होतो.

"रंगूबाईंना काय सांगितलंस?" तिने विचारलं.

"काही नाही. त्या वाट बघतायत. सिस्टरला घेऊन ये म्हणाल्या."

"त्यांना तसंच राहू दे."

"आणि तू?"

"माझं काय?"

"तिथे तू मेलेली आहेस."

ती कसनुशी हसली. "बरं आहे ना, एका गावात तरी सुट्टी मिळाली."

"चल माझ्याबरोबर. पुढचंच स्टेशन आहे."

"ती ओळखणार नाही मला. तिने माझं तोंड पाहिलेलं नाही."

"म्हणूनच चल."

तिने दुकानाच्या मालकाला फोन करून डोकं दुखतं म्हणून सांगितलं. आम्ही रिक्षाने गेलो. रिक्षात ती मागच्या सीटवर पाठ घट्ट टेकवून बसली होती आणि सारखी विचारत होती, काय सांगणार आहेस? मला माहीत नव्हतं. मी पुन्हा खोटं बोलेन असंच मला वाटत होतं. गेल्या दोन आठवड्यांत मला ते सोपं झालं होतं.

रंगूबाई दारात बसून शेवळं निवडत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी हात पुसले. "आलीस? नि सिस्टर?"

स्वप्ना माझ्या मागे उभी होती. मी काही बोलायच्या आत ती पुढे झाली आणि थोडी वाकून, सावकाश म्हणाली, "कशा आहात, रंगूबाई? पेज घेतली का आज?"

रंगूबाईंचे हात थांबले. त्यांनी मान तिरकी केली. डोळ्यांनी नाही, कानांनी त्या तिला शोधत होत्या.

"मासा!" त्या ओरडल्या. "आगो बाय, तूच ना ती? आसाच रोज पेजंचा विचारायचीस. येवरीशी पोर तू! मना वाटला मोटी बाई आसंल." त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठून स्वप्नाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, गाल चाचपले, कपाळ चाचपलं. "हा तोंड व्हय तुजा. बरा हाय, बरा हाय." मग माझ्याकडे वळून त्या गोंधळल्या. "पन ही तुजी आय कशी गो? ही तर तुज्याच वयाची."

स्वप्ना माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर मला जे दिसलं ते मी ओळखलं, कारण माझ्याकडेही तेच होतं. ती काहीही मान्य करायला तयार होती. मी एक शब्द बोलले असते, ही आईची धाकटी बहीण म्हणा किंवा आई गावी गेलीय म्हणा, तर तिने मान हलवली असती आणि आयुष्यभर मासा राहिली असती. आणि मी नुसती गप्प राहिले असते तरी आंबिवलीत माझी आई जिवंत राहिली असती. दर वटपौर्णिमेला फोन आला असता. मी सांगते म्हणाले असते. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की दाराची चौकट मी घट्ट धरली.

"सांग की गो," रंगूबाई म्हणाल्या. "कोन ही?"

"ही स्वप्ना," मी म्हणाले. "छत्रीवाली. छत्री मेली नाही, रंगूबाई. तुम्हाला पेज हिनेच भरवली, वेणी हिने घातली, दारापर्यंत सोडायला हीच आली होती. ही जिवंत आहे."

स्वप्नाने तोंडावर हात ठेवला. रंगूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग मासावाली?"

"मासावाली माझी आई होती," मी म्हणाले. आवाज माझाच होता, फडक्याशिवाय, नीट ऐकू येणारा. "माझी आई मेली."